छोट्या धरणांना वाली कोण?

२ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि त्याच्या पायथ्याखालची भेंदवाडी लोंढ्यात सापडली. दहा-बारा घरे होत्याची नव्हती झाली, सुमारे वीस माणसे प्राणास मुकली आणि खालच्या अंगाच्या गावांना पुराचा वेढा पडला. हे धरण पुरातन नव्हते. त्याला जेमतेम वीस वर्षे होत आली होती. मोठे तर ते मुळीच नव्हते. त्याचा साठा सुमारे ०.०८ अब्ज घनफुटांचा. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे असलेल्या, परंतु ज्याचे पाणी वीज निर्माण करून याच चिपळूण तालुक्यात पोफळीकडे उतरते त्या कोयना धरणाची क्षमता १०५ अब्ज घनफूट आहे. म्हणजे तिवऱ्याचे पाणी कोयनेच्या हजाराव्या हिश्शाइतकेही नव्हते. तरीही एक वाडी पुसून टाकण्यास ते पुरेसे ठरले.

या दुर्घटनेनंतर तिचे कारण सांगताना तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले. खेकड्यांनी भराव पोखरल्यामुळे गळती लागली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर महाराष्ट्रात हसू उसळले, निषेध झाले, व्यंगचित्रे निघाली. आणि त्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. खेकडे मातीच्या बांधाला बिळे पाडतात ही गोष्ट खोटी नाही. भातखाचरांचे बांध राखणाऱ्या कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ती ठाऊक आहे. पण तो शेतकरी पावसाच्या तोंडाशी बांधावरून फिरतो, बिळे शोधतो आणि बुजवितो. खेकडे कोकणात तिवरे धरणाच्या आधीपासून आहेत. तेव्हा खेकड्यांनी बिळे पाडली हे उत्तर होऊ शकत नाही. ती बिळे पाहण्याचे आणि बुजविण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न आहे. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या आणि पावसाळ्यापूर्वी त्या जागी डागडुजी करण्यात आल्याचे नंतर सांगण्यात आले. म्हणजे दोष कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. तो दिसला होता, कळविला गेला होता, त्यावर काही केलेही गेले होते. आणि एवढे होऊनही जून उलटताच धरण भरू दिले गेले व त्याखालची माणसे रात्री आपापल्या घरांत निर्धास्त राहिली.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याच्या पोटात पाण्याला अडविणाऱ्या चिकणमातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांस त्याला आधार देणारा मुरमाड भराव असतो, पाण्याच्या बाजूस लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर असते आणि पायथ्याशी पाझर निचरून जावा म्हणून दगडगोट्यांची योजना असते. असे धरण थोडेफार पाझरतेच. पाझर हा रोग नव्हे. तो कोठून येतो, किती येतो आणि मुख्य म्हणजे कोणत्या रंगाचा येतो, यावर धरणाची प्रकृती ठरते. पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल आणि त्याचे मान स्थिर असेल, तर फारसे भय नाही. ते वाढू लागले, गढूळ होऊ लागले, की समजावे की पाणी आपल्याबरोबर भरावातली माती घेऊन चालले आहे. आतल्या आत एक पोकळ वाट तयार होत असते. ती जितकी रुंद होते तितके पाणी अधिक वेगाने वाहते आणि जितके पाणी वेगाने वाहते तितकी ती रुंद होते. या क्रियेला आरंभी महिने लागतात, अखेरीस काही तासही पुरतात. दुसरा धोका असा की सांडवा गाळाने, झुडपांनी किंवा अतिक्रमणाने तुंबला, अथवा मुळातच तो अपुरा असला, की पुराचे पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागते. दगडी धरण असा प्रसंग काही काळ सोसू शकते; मातीचे धरण सोसू शकत नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी पाठीमागचा उतार कापीत जाते आणि पाहता पाहता धरणाला खिंडार पडते.

यावरून एक गोष्ट उघड होते. मातीच्या धरणाचे रक्षण हे मुख्यतः पाहण्याचे काम आहे. भरावावर बाभळी-करंजी माजू न देणे, कारण त्यांची मुळे भरावात शिरतात आणि झाड मेल्यावर कुजून पाण्याला वाट करून देतात, बिळे बुजविणे, सांडवा साफ ठेवणे, पाणी सोडण्याच्या नळीची झडप उघडते की नाही हे दरवर्षी पाहणे, माथ्यावर भेग पडली अथवा कोठे खचले तर त्याची नोंद करणे, आणि पाझराचे पाणी ठरावीक दिवशी मोजून वहीत लिहिणे. यांतल्या कोणत्याही कामाला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. त्याला लागतो एक माणूस, एक वही आणि त्या वहीकडे नेमाने पाहणारा एक अधिकारी. नेमक्या या तीन गोष्टी छोट्या धरणांच्या वाट्याला येत नाहीत. धरणाच्या कामाला नारळ फुटतो, कोनशिला बसते, जलपूजन होते. देखभालीला यांतले काहीच नाही. झडपेला वंगण घातले म्हणून कोणाचा सत्कार झालेला नाही आणि बिळे बुजविली म्हणून कोणी मते मागितलेली नाहीत.

मोठ्या धरणांच्या बाबतीत महाराष्ट्र आणि देश आपत्तीतून का होईना काही शिकला आहे, हे नाकारता येणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या धरणाचे काम पुरते झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मार्गाची बांधणी अपुरी होती, तरीही पावसाळ्यात त्यात पाणी साठले. भराव खचू लागला तेव्हा जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. अखेर ते फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेव्हा त्याची तातडीने तपासणी होऊन ते मजबूत करण्यात आले. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटून मोरवी शहर उद्ध्वस्त झाले. त्या धरणाचा दगडी सांडवा जागच्या जागी उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले, कारण जो पूर आला तो संकल्पनेत धरलेल्या पुराच्या दुपटीहून अधिक होता. या अनुभवांतून केंद्रीय जल आयोगात आणि राज्यात धरणांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र यंत्रणा उभ्या राहिल्या. महाराष्ट्राची अशी संघटना नाशिक येथे आहे. देशातील मोठ्या धरणांपैकी सर्वाधिक, म्हणजे २,३०० हून अधिक, एकट्या महाराष्ट्रात असल्यामुळे तिचे काम किती अवघड आहे याची कल्पना येईल.

तिवऱ्याच्या घटनेला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, २ ऑगस्ट २०१९ रोजी, लोकसभेने धरण सुरक्षितता विधेयक संमत केले. राज्यसभेची संमती मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून कायदा अमलात आला. हा कायदा स्वागतार्ह आहे. त्याने धरणाच्या मालकावर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे बंधन घातले, देखभालीसाठी निधी राखून ठेवण्यास सांगितले, आणीबाणीत काय करावयाचे त्याचा आराखडा पाच वर्षांच्या आत तयार करणे आवश्यक केले आणि कसुराबद्दल शिक्षेची तरतूद केली. परंतु हा कायदा कोणत्या धरणांना लागू आहे? ज्यांची उंची १५ मीटरांहून अधिक आहे त्यांना. आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी निदान ५०० मीटर आहे, किंवा साठा निदान १० लाख घनमीटर आहे, किंवा ज्यांचा महत्तम पूरविसर्ग सेकंदाला निदान २,००० घनमीटर आहे, किंवा ज्यांचा पाया विशेष अवघड वा ज्यांची रचना अनन्यसाधारण आहे त्यांना. नऊ मीटर उंचीचा तलाव, मग त्याच्या पायथ्याशी पन्नास उंबऱ्यांची वाडी का असेना, या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेले हे तलाव थोडेथोडके नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली महाराष्ट्राच्या गावोगावी पाझर तलाव खोदले गेले, गावतलाव व लघुसिंचनाचे तलाव झाले. त्या कामांचा पहिला हेतू भुकेल्या हातांना काम देण्याचा होता आणि तो योग्यच होता. त्यांनी विहिरींना पाणी आणले, हेही खरे. परंतु त्या भरावांना आता पन्नास वर्षे होऊन गेली. त्यांपैकी कित्येकांचे मूळ नकाशे कोठे आहेत, असा प्रश्न एखाद्या तालुक्याच्या कचेरीत विचारून पाहावा, म्हणजे देखभालीच्या नावाने काय स्थिती असावी ते कळून येईल.

या तलावांची वाटणी शासनाने कशी केली आहे ते पाहिले, म्हणजे दुखणे नेमके कोठे आहे ते ध्यानात येते. १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेली कामे जिल्हा परिषदेकडे, त्यापुढची ६०० हेक्टरांपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. म्हणजे धरणाचे वजन ठरते ते किती हेक्टर भिजतात यावर. कोणता अभियंता त्याच्यावर देखरेख करणार, त्याच्यासाठी किती पैसे मिळणार, त्याची तपासणी कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाची, हे सारे त्या एका मापातून निघते. हे माप लाभाचे आहे, धोक्याचे नव्हे. धरणाच्या पाण्याने कोणाचे शेत पिकेल हे शासनाच्या दप्तरात लिहिलेले असते; ते फुटले तर कोणाचे घर जाईल हे लिहिलेले नसते. लाभक्षेत्राचा नकाशा असतो, बुडित क्षेत्राचाही असतो. परंतु धरण फुटल्यास जे वाहून जाईल त्या क्षेत्राचा नकाशा छोट्या धरणांच्या बाबतीत कोणी काढलेला नसतो. भेंदवाडीचे स्थान या तिसऱ्या नकाशात होते आणि तो नकाशाच नव्हता.

धरण हेक्टरांवर न मोजता त्याच्याखालच्या माणसांवर मोजावे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेने ती एका छोट्या धरणापायीच कठोरपणे शिकली. जॉर्जिया राज्यात टोकोआ धबधब्याच्या वर केली बार्न्स नावाचे एक जुने मातीचे धरण होते. त्यावरची वीजनिर्मिती १९५७ मध्ये बंद झाली आणि पुढे ते केवळ एक तळे म्हणून उरले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, मोठ्या पावसात, ते फुटले आणि धबधब्याखालच्या एका महाविद्यालयाच्या वसाहतीतील ३९ जण मरण पावले. धरणाची उंची बारा मीटरांच्या आसपास आणि साठा आठ लाख घनमीटरांहून कमी. उंची, लांबी व साठा यांच्या ज्या कसोट्या भारताच्या २०२१ च्या कायद्यात आहेत, त्यांना हे धरण उतरले नसते. त्यावेळचे अध्यक्ष जिमी कार्टर हे जॉर्जियाचेच. त्यांनी केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या, परंतु लोकवस्तीला धोकादायक ठरू शकतील अशा धरणांची तपासणी लष्करी अभियंत्यांकडून करविली. तेथे धरणांची वर्गवारी ते फुटल्यास काय हानी होईल यावरून केली जाते. धरण धडधाकट असले तरी खाली माणसे राहत असतील, तर ते वरच्या वर्गात जाते आणि त्याची तपासणी अधिक वेळा होते.

याच देशाच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो आणि तो कोकणाला फार जवळचा आहे. १९५४ च्या एका कायद्याने व त्याच्या आगेमागे केलेल्या तरतुदींनी अमेरिकेच्या ग्रामीण भागात ओढ्याओढ्यांवर पूर आवरण्यासाठी अकरा हजारांहून अधिक छोटी धरणे बांधण्यात आली. बहुतेकांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते. ती बांधली तेव्हा त्यांच्याखाली शेते आणि कुरणे होती. धरणांमुळे पूर कमी झाले, पूर कमी झाले म्हणून लोकांना ओढ्याकाठची जमीन सुरक्षित वाटू लागली आणि तेथे घरे उठली. शेतांना वाचविण्यासाठी बांधलेली धरणे अशा रीतीने, आपल्या जागेवरून तिळभरही न हलता, माणसांच्या डोक्यावर टांगली गेली. धरणे म्हातारी होत होती आणि त्यांच्याखालची वस्ती वाढत होती. अखेर २००० मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

सह्याद्रीच्या पायथ्याशी याहून वेगळे घडत नाही. छोटे धरण झाले की सुरुवातीच्या पावसाचे लोंढे त्यात अडतात, पऱ्ह्याला पूर्वीसारखे उधाण येत नाही आणि आपल्या गावाला आता पुराचे भय उरले नाही असे लोकांना वाटू लागते. ही समजूत अर्धीच खरी आहे. अशा धरणाच्या सांड्व्याला बहुधा दरवाजे नसतात. ते रिते असते तोवर पूर अडविते. एकदा तुडुंब भरले की वरून येईल तेवढे पाणी जवळपास तसेच सांडव्यावरून खाली जाते. आणि कोकणात धरण भरण्यास आषाढाचीही वाट पाहावी लागत नाही. ज्या दिवसांत पूर आवरण्याची गरज सर्वांत अधिक, त्या दिवसांत आवरण्याची त्याची शक्ती संपलेली असते आणि त्याच्या भरावावरचा ताण मात्र कमाल झालेला असतो. छोटे धरण लहान पुरांपासून रक्षण करते आणि मोठ्या पुरात स्वतःच संकटाचे कारण होऊ शकते, हे खालच्या माणसांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. ते सांगण्याचे टाळणे म्हणजे त्यांच्या निर्धास्तपणाचा गैरफायदा घेणे होय.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की एवढ्या असंख्य तलावांची काळजी घेण्यास शासनाकडे पैसे कोठून येणार आणि माणसे कोठून मिळणार? आक्षेप पोकळ नाही. खात्यांतील अभियंत्यांची पदे रिकामी राहतात, देखभालीसाठी मिळणारी रक्कम नव्या कामांच्या मानाने नगण्य असते आणि एका कनिष्ठ अभियंत्याच्या गळ्यात अनेक तलाव असतात. पण म्हणूनच तर वर्गवारीची आवश्यकता आहे. सर्व तलावांवर सारखे लक्ष देणे अशक्य असेल, तर कोणत्या तलावांवर आधी लक्ष द्यावयाचे ते ठरले पाहिजे; आणि ते हेक्टरांवरून ठरविणे हा अन्याय आहे. माळरानावरचा एखादा पाझर तलाव फुटला तर दोन शेतांचे नुकसान होईल. ज्याच्याखाली वाडी आहे, शाळा आहे, आठवड्याचा बाजार भरतो, तो तलाव कितीही लहान असला तरी त्याचा क्रम पहिला लागला पाहिजे. ही वर्गवारी करण्यास भराव घालावा लागत नाही की खडी टाकावी लागत नाही. गावचा नकाशा, तलाठ्याचे दप्तर आणि एका अभियंत्याची पायपीट एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो. २०२१ च्या कायद्याने मोठ्या धरणांसाठी धोक्यानुसार वर्गवारीचे तत्त्व मान्य केलेच आहे. ते छोट्या धरणांना लागू करण्यासाठी महाराष्ट्राने केंद्राकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट धैर्याची आहे. ज्या धरणाला संशयास्पद गळती आहे ते त्या पावसाळ्यात भरू द्यावयाचे नाही, हा नियम झाला पाहिजे. रिते धरण कोणाला बुडवीत नाही. परंतु धरण रिते ठेवणे म्हणजे त्या वर्षीच्या रब्बीवर पाणी सोडणे, पिण्याच्या पाण्याची अडचण सोसणे आणि लोकांच्या रोषाला तोंड देणे. कोणताही अधिकारी हा निर्णय आपल्या शिरावर घेण्यास सहजासहजी तयार होत नाही. कारण धरण रिते ठेवल्याबद्दल त्याला लगेच जाब विचारला जाईल आणि भरू दिल्याबद्दल बहुधा कधीच विचारला जाणार नाही. धरण फुटलेच तर पाऊस अतोनात होता असे म्हणण्याची सोय असतेच. म्हणून असा निर्णय घेणाऱ्याला शासनाने लेखी संरक्षण दिले पाहिजे आणि न घेणाऱ्याला लेखी जाब विचारला पाहिजे. त्याबरोबरच पाणी खाली सोडण्याची झडप प्रत्येक तलावावर चालू स्थितीत असली पाहिजे. जी गंजून बसली आहे ती झडप, ऐन प्रसंगी, नसल्यासारखीच होय.

तिसरी गोष्ट कागदाची आहे आणि ती क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. गावकरी गळतीची तक्रार करतात तेव्हा ती कोठे जाते? ती आवक नोंदवहीत चढते, तिला क्रमांक पडतो, तिच्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा येतो आणि ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते. ते धरण आपल्याकडे येत नसल्याचे दुसरी कचेरी कळविते. टेबलामागे बसणारा कारकून दुष्ट नसतो. त्याच्यासमोर शंभर कागद असतात आणि धरणाच्या गळतीचा कागद व पंख्याच्या दुरुस्तीचा कागद यांत फरक करण्याची सोय त्याच्या नोंदवहीत नसते. ती सोय केली पाहिजे. धरणाच्या गळतीची, खचण्याची वा तड्याची तक्रार वेगळ्या नोंदवहीत घ्यावी. ती ज्या दिवशी आली त्यापासून ठरावीक दिवसांत, आणि पावसाळ्यात चोवीस तासांत, अभियंत्याने जागेवर जावे. त्याने काय पाहिले ते लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. पाहिल्यानंतर धोका नाही असे त्याचे मत असेल तर तसे त्याने आपल्या सहीने लिहावे. सही करावी लागते तेव्हा माणूस अधिक काळजीपूर्वक पाहतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

या सर्वांत गावाची जबाबदारी काहीच नाही काय? आहे, आणि तिचा दाखला महाराष्ट्रातच सापडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत कोहळी समाजाने आणि इतरांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कित्येक दोन-तीनशे वर्षांचे आहेत. ते टिकले याचे कारण त्यांची माती अधिक चांगली होती असे नव्हे. त्यांच्या पाळी दरवर्षी बांधल्या-सावरल्या जात, गाळ काढला जात असे आणि ज्यांची धानशेती त्या पाण्यावर होती त्यांना त्या कामी राबावे लागत असे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. ती पद्धत अन्यायाची होती, ती गेली हे बरेच झाले. परंतु मालगुजाराबरोबर तलावाचा धनीही गेला. तलाव शासनाचे झाले आणि शासनाचे झाले म्हणजे कोणाचेच उरले नाहीत. जुना धनी परत आणावयाचा नाही. पण धनीपण कोठेतरी असले पाहिजे. प्रत्येक तलावासाठी गावातला एक पगारी राखणदार असावा, पावसाळ्यात त्याने रोज पाळीवरून फिरून नोंद करावी, गढूळ पाझर म्हणजे काय हे त्याला आणि गावातल्या दहा-वीस जाणत्या माणसांना शिकविलेले असावे. शाळेतल्या मुलांनाही ते शिकविता येईल. पुस्तकातल्या जलचक्राइतकाच गावच्या तळ्याचा सांडवा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. धोक्याची सूचना कोणी द्यावयाची, देवळाची घंटा की ग्रामपंचायतीचा भोंगा, रात्री कोणत्या वाटेने कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, हे वर्षातून एकदा ग्रामसभेत ठरावे आणि एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. तिवऱ्याला रात्री साडेनऊ वाजता अशी सूचना कोणी दिली असती तर भराव वाचला नसता, पण माणसे वाचली असती.

मात्र गावाची जबाबदारी सांगून शासनाला आपली झटकता येणार नाही. तिवऱ्याच्या लोकांनी पाहिले होते आणि सांगितलेही होते. पाहणाऱ्याचे काम त्यांनी केले होते. ऐकणाऱ्याचे काम झाले नाही. जेथे लोकांचे सांगणे ऐकले जात नाही तेथे लोक हळूहळू पाहणेही सोडून देतात आणि मग खरोखरच कोणी पाहणारा उरत नाही.

राज्याच्या विकासाचा हिशेब आजवर किती धरणे बांधली, किती पाणी अडविले, किती हेक्टर भिजविले, अशा आकड्यांत मांडला गेला आहे. त्या आकड्यांचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु बांधलेली गोष्ट सांभाळता येणे हाही विकासच आहे, किंबहुना त्याची खरी परीक्षा तीच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्याने आपल्या छोट्या तलावांची एक यादी करावी आणि तीत प्रत्येक नावापुढे भिजणाऱ्या हेक्टरांऐवजी खाली राहणाऱ्या माणसांची संख्या लिहावी. ती यादी ज्याच्या टेबलावर असेल त्याला रात्री पाऊस वाढला की झोप येणार नाही. तशी झोप न येणारे अधिकारी असले, तरच तळ्याखालच्या वाड्यांना स्वस्थ निजता येईल.